स्मॉकिंगचा लाटेचा टाका: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी घरी लहान मुलींचे फ्रॉक शिवते आणि अधूनमधून शिकवते पण, त्यामुळे फोनवर तेच तेच प्रश्न येत राहतात. प्रत्येकीला वेगळं टाइप करून अंगठे दुखले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतेय. जास्त भर लाटेच्या टाक्यावर आहे, म्हणजे ज्याला वेव्ह किंवा ट्रेलिस म्हणतात त्यावर. तो एक हातात बसला की बाकीचे टाके त्याच्या मागून येतात.

ताई, बाजारात तो इलास्टिकवाला टॉप मिळतो त्याला पण स्मॉकिंगच म्हणतात, मग तुमचं काय वेगळं?

म्हणतात खरं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तो प्रकार म्हणजे शरिंग. मशीनच्या बॉबिनला इलास्टिकचा दोरा हाताने गुंडाळायचा, वर साधा दोरा, आणि सरळ सरळ टिपा मारत सुटायचं, कापड आपोआप गोळा होतं. तासाभरात काम झालं, छान दिसतं, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. पण आपल्या स्मॉकिंगमध्ये इलास्टिक कुठेच नसतं. आधी कापडाला बारीक एकसारख्या चुण्या पाडायच्या, मग त्या चुण्यांच्या माथ्यावर भरतकामाच्या दोऱ्याने टाके घालून त्या एकमेकींना धरून ठेवायच्या, आणि शेवटी चुण्या पाडायला घातलेले दोरे उपसून काढायचे. कापड ताणलं जातं ते टाक्यांमुळे, आणि इलास्टिक चार वर्षांनी सैल पडतं तसं हे पडत नाही.

हे मूळचं कुठलं? आपल्याकडचं आहे का?

नाही, आपल्याकडचं नाही. इंग्लंड आणि वेल्समधले शेतमजूर, मेंढपाळ, गाडीवान अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अंगात एक ढगळा सदरा घालायचे, त्याला स्मॉक-फ्रॉक म्हणत. कापणी अगदी साधी, सगळे चौकोनी तुकडे, कापड वाया जायला नको म्हणून. आणि मग एवढा घेर छातीवर, पाठीवर, मनगटावर आवरायचा कसा, तर चुण्या घालून त्यावर टाके. हात वर केला की कापड सैल पडायचं, खाली घेतला की परत जागेवर. बहुतेक वेळा दोरासुद्धा कापडाच्याच रंगाचा असायचा, आपल्यासारखा गुलाबी-पोपटी नाही! पुढे शेतात यंत्रं आली, त्यात असा ढगळा कपडा अडकायची भीती, आणि तयार कपडे पण स्वस्त झाले, मग मजुरांच्या अंगावरून तो गेला. पण तोवर शहरातल्या शौकीन लोकांच्या तो नजरेत भरला होता. लंडनच्या लिबर्टी दुकानाने 1884 मध्ये कपड्यांचा विभाग काढला, तिथे बायकांचे आणि मुलांचे स्मॉकिंगवाले कपडे मिळायला लागले. म्हणजे गाडीवानाच्या छातीवरची वीण बाळांच्या फ्रॉकवर आली ती अशी. नक्षीवरून माणूस मेंढपाळ की गाडीवान ते ओळखता यायचं ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते, ऐकायला मस्तय, पण तिला भक्कम पुरावा नाही.

कापड कुठलं घेऊ?

पहिल्यांदा करताय तर केंब्रिक किंवा बारीक पॉपलिन, फिका रंग, सुती. टू बाय टू रुबियावर पण सुंदर होतं, जे ब्लाउजपीससाठी आपण घेतो तेच. मलमल फार मऊ, चुणी उभी राहत नाही, आणि जाड खादीत चुण्या अशा लठ्ठ होतात की बाळ उशी बांधल्यासारखं दिसतं. टेरीकॉट नको, त्यात चुणी घसरते. काहीही घेतलं तरी आधी पाण्यातून काढा, वाळवा, इस्त्री करा, मग पुढचं. हे न करता शिवलं आणि नंतर आटलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही.

किती कापड लागतं? तिप्पट म्हणतात ते खरं का?

हो, अंदाज तिप्पटीचाच धरायचा. समजा मुलीच्या फ्रॉकचा पुढचा भाग तयार झाल्यावर 11 इंच हवाय, तर 33 इंच रुंद कापड घ्या. पाव-पाव इंचावर चुणी धरली तर 33 इंचात 132 चुण्या बसतात, म्हणजे तयार तुकड्यात इंचाला 12. आता गंमत बघा, आपली तीन पायऱ्यांची लाट एका फेरीला 8 चुण्या खाते, तर 16 लाटांना 128 चुण्या झाल्या आणि दोन्ही कडेला दोन दोन उरल्या, त्या शिलाईत जातील. असा हिशोब कागदावर आधी करायचाच, नाहीतर उजव्या काखेत अर्धी लाट आणि डाव्या काखेत पाव लाट येते आणि आयुष्यभर तेच दिसत राहतं.

कापड पातळ असेल तर साडेतीनपट घेतलं तरी चालतं.

चुण्यांसाठी टिंबं कशी छापायची? इस्त्रीने उमटणारा टिंबांचा कागद आमच्याकडे मिळत नाही.

मला पण कधी धड मिळाला नाही. आपला खाका आहे ना! ट्रेसिंग पेपरवर पट्टीने आडवी टिंबं 6 मिलिमीटरवर आणि ओळींमधलं अंतर 1 सेंटीमीटर असं आखून घ्या, प्रत्येक टिंब सुईने टोचा, कागद कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून पिना लावा आणि रॉकेलमध्ये थोडी नीळ कालवून बोळ्याने वरून हलकेच पुसा. हलकेच. बोळा ठिबकत असेल तर कापडावर टिंबं नाही, डबकी उमटतात. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, मग टोकदार पेन्सिलने भोकाभोकांतून टिंब द्या, वेळ लागतो पण काम स्वच्छ होतं.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे पाव इंची चौकड्याचं कापड आणा, ज्याला दुकानात चेक्स म्हणतात. टिंबं छापायची भानगडच नाही, चौकड्याचा प्रत्येक कोपरा हेच टिंब. वर आणखी एक मजा, प्रत्येक वेळी पांढऱ्या चौकोनाखाली सुई घातली की रंगीत चुण्या वर येतात, नाहीतर उलट, नुसत्या चुण्यांनीच अर्धी नक्षी होते.

चुण्यांचा धावदोरा घालताना काय काळजी घ्यायची?

इथेच खरं काम आहे आणि इथेच सगळ्या घाई करतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, चुण्या वाकड्या असतील तर वरचा टाका कितीही नीट घाला, वाकडाच दिसणार.

दोरा मजबूत घ्या, जाड शिलाईचा चालेल, कापडाहून वेगळ्या रंगाचा म्हणजे नंतर काढताना दिसेल. प्रत्येक ओळीला एक अखंड दोरा, कापडापेक्षा वीतभर लांब, मध्ये गाठ नाही जोड नाही. एका टोकाला दणदणीत गाठ मारा, एकीवर एक अशा दोन-तीन, आणि सगळ्या ओळी त्याच बाजूने सुरू करा. प्रत्येक टिंबावर सुईने कापडाचा अगदी इवलासा घास उचलायचा, मग पुढच्या टिंबापर्यंत दोरा तसाच वरून जाऊ द्यायचा. खालच्या ओळीतला घास वरच्या ओळीच्या बरोब्बर खाली यायला हवा, एकही टिंब सुटता कामा नये. नक्षीच्या ओळींपेक्षा दोन ओळी जास्त घालायच्या, एक सगळ्यात वर, एक सगळ्यात खाली, त्यांच्यावर नक्षी करायची नाही. वरचीच्या आधाराने पुढे योक, म्हणजे फ्रॉकचा खांद्याजवळचा सपाट तुकडा, जोडताना चुण्या हलत नाहीत. आठ ओळींची नक्षी तर दहा धावदोरे.

मग सगळे दोरे एकदम हातात धरून हळूहळू ओढा. कापड गोळा झालं की वरखाली दोन्ही हातांनी धरून एक हलका झटका द्या, चुण्या पन्हाळी पत्र्यासारख्या उभ्या सरळ होतात. तयार मापापेक्षा इंचभर कमी रुंदीला, म्हणजे 11 ऐवजी 10 ला, दोन दोन दोरे एकमेकांना बांधून टाका. इंचभर कमी कशासाठी, तर धावदोरे निघाल्यावर काम सैलावतं.

चुण्या पाडायचं मशीन घ्यावं का?

प्लीटर म्हणतात त्याला. दातेरी रूळ असतात, त्यात वाकड्या सुयांची रांग, कापड काठीला गुंडाळून एका बाजूने सोडायचं आणि हँडल फिरवायचं, सगळ्या ओळींचे धावदोरे एकदम घातले जातात. चोवीस सुयांचं जास्त चालतं, दोन ओळींत एक सेंटीमीटरहून किंचित कमी अंतर, इंचात सांगायचं तर तीन अष्टमांश. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीकडे आहे, आमचं दोन दिवसांचं काम ती चहा उकळेपर्यंत संपवते. पण वर्षाला दोन-तीन फ्रॉक करणारीने एवढे पैसे घालू नयेत असं माझं मत.

दोरा आणि सुई?

भरतकामाची सहा पदरी लडी, त्यातले तीन पदर. सहाच्या सहा घेतले तर टाका जाडजूड होतो, एक घेतला तर चुण्यांत बुडतो. पदर एकेक करून वेगळे ओढा आणि मग परत एकत्र करा, नुसते तीन धरून फाडलेत तर पीळ तसाच राहतो आणि टाका खरबरीत दिसतो. लांबी हातभर, बस. सुई भरतकामाची सात किंवा आठ नंबरची.

आता लाटेचा टाका प्रत्यक्ष सांगा, अगदी हळू.

सांगते. उजव्या हाताने काम करणारीची सुई नेहमी उजवीकडून डावीकडे टोचली जाते आणि काम मात्र डावीकडून उजवीकडे सरकतं. हे डोक्यात नाही बसलं तर पुढचं वाचू नका, आधी रिकाम्या चुण्यांवर चार वेळा करून बघा. सुई कायम आडवी, धावदोऱ्याला समांतर. आणि चुणीच्या माथ्याचा फक्त वरचा एक तृतीयांश भाग उचलायचा, धावदोऱ्यापर्यंत खोल जायचं नाही, खोल गेलं की तयार काम पुठ्ठ्यासारखं होतं.

लाट दुसऱ्या ओळीवरून सुरू करून पहिल्या ओळीपर्यंत चढवायचीय असं धरू. मागे गाठ मारून सुई पहिल्या चुणीच्या डाव्या अंगाने वर काढा. आता उजवीकडची शेजारची चुणी, त्याच उंचीवर, सुई आडवी टोचा पण ओढायच्या आधी बघा दोरा कुठे आहे, तो सुईच्या खाली हवा. ओढा. त्याच उंचीवर शेजारच्या चुणीत घातलेल्या अशा टाक्याला केबल म्हणतात, हा झाला खालचा केबल, लाटेचा तळ. आता चढायचं. पुढच्या चुणीवर सुई थोडी वर, दोन ओळींमधलं अंतर तीन भागांत कल्पून एक भाग वर, दोरा खालीच. पुढची चुणी, आणखी एक भाग वर, दोरा खाली. पुढची चुणी, थेट पहिल्या ओळीवर, दोरा खाली. पोचलो शेंड्याला. आता त्याच उंचीवर पुढच्या चुणीत सुई घाला आणि या वेळी दोरा सुईच्या वर टाका. हा वरचा केबल, इथे लाट वळली. मग तीन पायऱ्या उतरायच्या, दोरा कायम वर, आणि तळाला आलं की परत दोरा खाली टाकून खालचा केबल. एक तळ, तीन चढ, एक शेंडा, तीन उतार, आठ चुण्या.

थोडक्यात, वर जाताना दोरा खाली, खाली येताना दोरा वर. मी क्लासमध्ये हे इतक्या वेळा म्हणते की मुली माझी नक्कल करतात.

सुरुवात कडेपासून करू की मधून?

मधून. मधल्या दोन चुण्यांच्या बरोबर दरीवर एक केबल येईल असं बघा आणि तिथून उजवीकडे शेवटपर्यंत जा. मग कापड उलटं फिरवा, खालचं वर, आणि परत मधून सुरू करून उरलेला अर्धा भाग करा. फिरवल्यावर तळाचा शेंडा होतो आणि शेंड्याचा तळ, तेवढं भान ठेवा. पहिली ओळ बरोबर बसली की बाकीच्या तिच्याकडे बघून होतात. चौकट हवी असेल तर खालच्या ओळीत उलटी लाट घाला, म्हणजे वरच्या लाटेचे तळ आणि खालच्या लाटेचे शेंडे त्याच चुण्यांवर भेटतील, मध्ये आपोआप शंकरपाळे तयार होतात. शंकरपाळ्याच्या पोटात गाठी टाक्याचं छोटं फूल, बस, जास्त गर्दी करू नका.

माझ्या लाटेच्या चढावर मध्येच एक टाका उघडा पडल्यासारखा दिसतो.

तिथे दोरा चुकीच्या बाजूला गेलाय, शंभरातल्या नव्वद वेळा हेच. उसवा. सुई ओढून झाल्यावर दिसण्यापेक्षा टोचल्यावर, ओढायच्या आधी दिसतं, तिथेच थांबून बघायची सवय लावा.

दुसरं कारण म्हणजे एक चुणी सुटली किंवा दोन एकदम उचलल्या. नखाने चुण्या मोजत चला.

टाका किती घट्ट ओढायचा?

शेजारची चुणी येऊन टेकली की थांबायचं. टेकली पाहिजे, चिकटली नाही पाहिजे. माझा पहिला फ्रॉक भाचीसाठी होता, मी प्रत्येक टाका असा करकचून ओढला की बघणारे म्हणाले वा काय रेखीव काम! वाढदिवसाच्या दिवशी फ्रॉक डोक्यातून खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडकला, पोरगी आत रडतेय, बाहेर वहिनी हसतेय. शेवटी पाठीकडची शिवण उसवून मध्ये पट्टी घालावी लागली. धावदोरे निघाल्यावर तुकडा जरासुद्धा पसरला नव्हता, तेव्हा कळलं की रेखीव आणि घट्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. केबलची अख्खी ओळ मुळातच कमी ताणते, लाट त्यापेक्षा जास्त, त्यामुळे छातीवर नुसत्या केबलच्या ओळी भरू नका. एखादी सगळ्यात वर, योकच्या खाली, पुरे.

दोरा संपला की?

सुई चुणीच्या उजव्या बाजूच्या दरीतून मागे न्या, मागच्या बाजूला त्याच चुणीवर दोन बारीक टाके, कापा. मागून पाच-सहा चुण्या ओलांडून दोरा नेऊ नका, ताण तिथेच अडतो.

मोठ्या शंकरपाळ्याच्या मधल्या रिकाम्या जागेत चुण्या फुगतात, काय करू?

उलट्या बाजूने कापडाच्या रंगाच्या एकाच पदराने केबलची ओळ घाला, सैलसर. समोरून काही दिसत नाही, चुण्या मात्र शहाण्यासारख्या बसतात. चित्र काढून मध्ये बदक-ससा भरणाऱ्यांना तर हे करावंच लागतं.

शाळेत आम्ही टिंब टिंब जोडून मधमाशीच्या पोळ्यासारखं करायचो, आणि आईने मखमलीच्या उशांवर केलेलं. ते हेच का?

जवळचे नातेवाईक, सख्खे नव्हेत. पोळ्यासारखा तो हनीकोंब, दोन चुण्या एकत्र धरून दोन टाके आणि मग दोरा चुणीच्या आतून खालच्या ओळीला. तो सगळ्यात जास्त ताणतो, बाहीच्या टोकाला मस्त. उशांवरचा प्रकार म्हणजे लॅटिस, त्याला कॅनेडियन स्मॉकिंग पण म्हणतात. त्यात आधी चुण्या पाडतच नाहीत, सपाट कापडाच्या मागून चौकड्या आखून ठरलेली टिंबं जवळ ओढायची, आणि समोर टोपलीच्या विणीसारख्या गुंडाळ्या दिसतात. टाका समोर दिसतच नाही, दिसतो तो नुसता कापडाचा खेळ. सॅटिन, वेलवेट त्याला शोभतं, आपल्या लाटेला नाही.

धावदोरे कधी काढायचे? इस्त्री?

सगळी नक्षी झाली की, आणि सगळ्यात वरचा एक सोडून. तो योक जोडून झाल्यावर काढा. मग तुकडा इस्त्रीच्या टेबलवर उलटा ठेवून पिना लावून मापाला ताणा, इस्त्री वर अधांतरी धरून नुसती वाफ द्या, वाळेपर्यंत हात लावू नका. इस्त्री टेकवली की संपलं, दोन दिवसांच्या चुण्या पापडासारख्या चपट्या होतात. पुढेसुद्धा फ्रॉक धुतल्यावर घेराला इस्त्री करा, स्मॉकिंगला नको.

लाल दोऱ्याचा रंग उतरला, पांढरा फ्रॉक गुलाबी झाला.

माझा पण झालाय. दुकानदार पक्का रंग म्हणाला होता, मी विश्वास ठेवला, आणि दिवाळीच्या चार दिवस आधी आठ ओळींचं काम गुलाबी डागांत. आता लाल, मरून आणि गडद निळी लडी घेतली की आधी कोमट पाण्यात बुडवून पांढऱ्या रुमालावर दाबून बघते, रुमालावर रंग आला तर ती लडी उशीच्या कामाला.

मी डावखुरी आहे.

आरशात बघितल्यासारखं करा, काम उजवीकडून डावीकडे, सुई डावीकडून उजवीकडे. वर जाताना दोरा खाली हा नियम तुम्हाला पण तोच.

डोळ्यांवर ताण येतो, रिंग लावू का?

रिंग अजिबात नको, चुण्या चिरडतात. दिवसा खिडकीपाशी बसा, कापड डाव्या हाताच्या तर्जनीवर असं वळवून धरा की चुण्यांचे माथे जरा उघडतात, मग सुई कुठे जातेय ते दिसतं. एका बैठकीत दोन ओळींपेक्षा जास्त करू नका, तिसऱ्या ओळीला माझे टाके आपोआप घट्ट व्हायला लागतात, मान दुखायच्या आधी हाताला कळतं.

एक फ्रॉक किती दिवसांत होतो आणि किती पैसे सांगायचे?

माझं गणित असं, टिंबं आणि धावदोरे एक अख्खी दुपार, आठ ओळींची नक्षी रोज संध्याकाळी तास-दीड तास धरून आठवडा, आणि मग शिलाई. दराचं मी आकडा सांगत नाही, गावागावाप्रमाणे फरक, पण कापड-दोऱ्याचा खर्च वेगळा आणि तासांचे पैसे वेगळे असं सांगा, मीटरवर दर लावू नका. "अहो, एवढुसा तर फ्रॉक" असं म्हणणारी बाई हमखास भेटते. तिच्यासमोर मी तुकडा उलटा करून ठेवते, मागचे धावदोरे अजून तसेच असलेला, आणि म्हणते, मोजा जरा एका ओळीत किती चुण्या आहेत. तिसाच्या पुढे अजून कोणी मोजलेलं नाही.